पारा उडवायचा दिवस

दाजींनी माझ्या डोक्यात सांडशी घातली तेव्हा मी केळं खात होतो. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे आठ दिवस गल्लीतला प्रत्येक जण मला विचारत होता की तू असं केलंस तरी काय. मी खरं तेच सांगायचो. कोणाचाही विश्वास बसायचा नाही.

सांडशी म्हणजे घरातली दुधाचं पातेलं उतरवायची नव्हे. ही दीड हात लांब, पोलादी, भट्टीतली मूस उचलायची. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. पहिला घाव कानाच्या वर बसला, दुसरा मी मनगटावर घेतला. तिसरा यायच्या आधी दाजी थांबले, माझ्या हातातलं केळं हिसकावून घेतलं आणि बोटांनी चिरडत त्यात काहीतरी शोधू लागले.

"कुठं लपवलंस?"

"काय?"

"सोनं."

केळ्यात केळंच निघालं. दाजींनी ते दोन्ही तळव्यांवर पसरून उजेडात धरलं, मग हात लुंगीला पुसले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला बसले. माझं रक्त कानामागून सदऱ्यात उतरत होतं. आता यात समजूत कोणी कोणाची घालायची, हा पेच होता. शेवटी मीच म्हणालो, "असू द्या दाजी, पिकलेलंच होतं."

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, गाव केरळातलं त्रिसूर. आम्ही विट्याच्या बाजूचे, खानापूर तालुक्यातले. देशात कुठल्याही गावच्या सोनारगल्लीत शिरा, एखाद्या काळ्या खोलीत आमच्याकडचा एक माणूस भट्टीपुढे बसून सोनं गाळत असतो. आमच्याकडे पाऊस पडत नाही, म्हणून आम्ही सोनं गाळतो. दाजी, म्हणजे आत्माराम जाधव, माझ्या कलावतीअक्काचे यजमान, सोळाव्या वर्षीच या धंद्यात आले होते. मी रसायनशास्त्रात दोनदा नापास झाल्यावर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझा कल रसायनांकडे आहे असा निष्कर्ष काढला आणि मला दाजींकडे पाठवून दिलं.

मूळचे दाजी कसे होते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर ते कसाई वाटतील. भिंतीचा कोपरा लागला तरी भिंतीला 'चुकलं' म्हणणारा माणूस. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर इतका वेळ गप्प राहिले की वाजंत्रीवाले आटोपून निघून गेले. मी तिथे गेल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी मला एकदाही आवाज चढवून हाक मारली नव्हती. मी झोपलेलो असलो तर उशाशी बसून राहायचे, आपोआप उठेन म्हणून.

तिसऱ्या वर्षी बिघडलं. आधी हात थरथरायला लागले. चहाचा पेला तोंडाकडे जाईपर्यंत अर्धा होई. मग अक्षर गेलं. अक्काला पत्र लिहायला बसले की कागदावर मुंग्यांची रांग पाण्यात पडल्यासारखी दिसायची. मग झोप गेली. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंड लाल व्हायचं, मान खाली जायची, नव्या नवरीसारखी. आणि मग, एका दुपारी अचानक, त्यांनी गल्लीतल्या एका बकरीला वजनाचं दगडी माप फेकून मारलं. बकरी लंगडत गेली. दाजी तिच्यामागे माफी मागत गेले. बकरीपासून माणसापर्यंत यायला त्यांना दोन महिने लागले, आणि माणसांत पहिला नंबर मेहुण्याचा.

आता धंद्याची एक गोष्ट. सोनाराच्या दुकानात घासताना, कापताना सोन्याचा कण कण जमिनीवर पडतो. दुकानाचा केर म्हणूनच कोणी फेकत नाही. तो आमच्याकडे यायचा. आम्ही तो जाळायचो, राख कुटायचो, पाण्यात धुवायचो आणि शेवटी त्यात पारा घालून मळायचो. पारा राखेतला सोन्याचा कण न् कण वेचून पोटात घेतो. मग तो गोळा फडक्यातून पिळायचा आणि निखाऱ्यावर ठेवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. धूर दिसत नाही, वास येत नाही. तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, काम त्याच्या उलट. पिवळा धूर, डोळ्यांची आग, घशात काटे. त्यामुळे आमची सगळी भीती तेजाबाला वाहिलेली होती. तेजाबाचं काम झालं की केळं आणि गूळ खायचा, म्हणजे धूर पोटातून निघून जातो, अशी सगळ्या गल्लीची पक्की समजूत. पाऱ्याला कोणी भीत नव्हतं. दिसत नाही, वास नाही, त्याला काय भ्यायचं?

पण पारा उडवायचा दिवस आला की दाजी मला बाहेर काढायचे. बुधवारी, दुपारी बारा ते तीन. दार आतून बंद, खिडकी बंद, पंखा बंद. पंखा बंद करायचं कारण सगळ्यांना माहीत होतं, वाऱ्याने बारीक सोनं उडतं. मला बाहेर काढायचं कारण मात्र ते सांगत नव्हते. "तू पायरीवर बस. कोणी आलं तर मी नाही म्हणून सांग." तीन वर्षं मी दर बुधवारी पायरीवर बसून, बंद दाराला पाठ लावून, दाजी घरात नाहीत असं सांगत होतो, आणि आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

पायरीवर बसून माणूस फक्त विचार करतो, आणि मी दोनदा नापास झालेला असल्यामुळे चुकीचे विचार करण्याची मला सवय होती. माझा निष्कर्ष असा, की दाजी माझ्यापासून हातोटी लपवतात. सख्खा भाऊ असता तर शिकवली असती, मेहुण्याला कोण शिकवतो? शेजारच्या आंतोणी सोनाराचा निष्कर्ष त्याहून सोपा होता. त्याच्या दुकानाच्या केरातून पूर्वी निघायचं त्यापेक्षा सोनं आता कमी निघत होतं. तो हिंदीत, म्हणजे त्याच्या हिंदीत, मला म्हणाला की दार बंद करून माणूस दोनच कामं करतो, आणि तुझ्या दाजीची बायको तर गावाला आहे.

सांडशीचे सात टाके पडले त्याच्या दहाव्या दिवशी अक्काचं पत्र आलं. अक्काला आठवा महिना होता, पहिलं बाळंतपण, माहेरी होती. दाजी मारायला लागल्याची बातमी तिला कळायच्या आधी गावात पोचली होती. त्रिसूरमध्ये आमच्याकडची अकरा घरं होती, आणि बातम्या न्यायला एवढी पुरतात. पत्रात तिने लिहिलं होतं:

'आबा म्हणतात, मारकुट्या माणसाकडे परत पाठवणार नाही. भाऊकी बसवून सोडचिठ्ठी करू. मी म्हटलं, उत्तम तिथे आहे, तो डोळ्याने बघतो, तो सांगेल तसं करीन. तू खरं लिही. सासूबाईंनी मला विचारलं तर मी तुझंच पत्र दाखवणार आहे. पोटातलं पोर बाप असलेलं जन्माला येणार की नसलेलं, तुझ्या हातात आहे. जेवतोस का?'

असलं पत्र मी आयुष्यात दुसरं वाचलं नाही. शेवटच्या दोन शब्दांनी तर जास्तच घाबरलो. त्या रात्री मी उत्तर लिहिलं. चोर आहे, मारकुटा आहे, ये म्हणणार नाही. मग विचार केला, मारकुटा आहे याचे सात टाके पुरावा म्हणून आहेत, चोर आहे याचा पुरावा काय? पत्र खिशात ठेवलं आणि ठरवलं, बुधवारी दार उघडायचं. आत काय चालतं ते बघायचं. मग पत्र टाकायचं.

बुधवारी साडेबाराला मी आणि आंतोणी पायरीवर उभे राहिलो. आंतोणीने भाऊ आणायचं म्हटलं होतं, मी नको म्हणालो, घरची गोष्ट आहे. हातात राख कुटायची पहार होती. दोन टोल्यांत कडी निघाली.

आत इतका उकाडा होता की डोळे मिटले. दाजी भट्टीपुढे उकिडवे बसले होते, तोंडाला ओला पंचा बांधलेला, अंगावर फक्त लुंगी. निखाऱ्यावर लोखंडी तवली, तवलीत राखाडी गोळा. एवढंच. चोरी करणारा माणूस काहीतरी करत असतो, हे तर नुसते बघत बसले होते. आम्हाला पाहून उठले आणि अगदी हळू, पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "बाहेर व्हा."

आंतोणी फळीवरच्या डब्यांकडे गेला.

"बाहेर व्हा," दाजी पुन्हा म्हणाले.

आंतोणीने डबा उघडला. दाजींनी सांडशी उचलली. मी तिच्या ओळखीमुळे आधी बाजूला झालो, त्यामुळे ती आंतोणीच्या तोंडावर बसली. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, बशी फुटल्यासारखा. त्याचे पुढचे दोन दात गेले. तो तोंड धरून बाहेर पळाला, आणि बाहेर गल्ली जमली. या गर्दीने मला नंतर पुष्कळ वाचवलं, कारण पुढची दहा मिनिटं सगळी सोनारगल्ली आंतोणीचे दात बघत होती. आत कोणी डोकावलं नाही.

आत आम्ही दोघंच. दाजी माझ्या अंगावर आले. त्या थरथरत्या हातांत कुठून एवढं बळ आलं कोण जाणे. त्यांनी मला दाराकडे ढकललं, मी चौकटीवर आपटलो, टाके सुटले. पुन्हा ढकललं. मी पहार त्यांच्या गुडघ्यावर मारली. ते पडले. पडल्या पडल्या त्यांनी माझा अंगठा तोंडात धरला आणि हाडापर्यंत चावला. तो अंगठा मला आजही पूर्ण वाकत नाही. मग मला काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण मी काय केलं ते सांगतो. मी मागून त्यांची मान धरली, दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत, आणि त्यांचं तोंड भट्टीवर दाबलं. तवलीपासून वीतभर वर.

"बोला. कुठं ठेवता?"

"उत्तमा, तू बाहेर जा."

"कुठं ठेवता सोनं?"

"तू आधी बाहेर जा."

आणि मी आणखी दाबलं. पंचा सुटला. डावा गाल भट्टीच्या कडेला लागला, चर्र झालं, केसांचा वास आला. तरी ते तेच म्हणत होते, बाहेर जा, आणि मला वाटत होतं हा माणूस मरता मरतासुद्धा मला हाकलतो आहे. सोडून द्यायला मला किती वेळ लागला? बाहेरचे दहा मिनिटं म्हणाले. ते दात बघत होते, त्यांचं घड्याळ मी धरत नाही.

मग माणसं आत आली आणि खोलीची झडती झाली. फळीवरच्या डब्यात, चिंधीत गुंडाळलेली एक पुडी निघाली. आंतोणीच्या भावाने ती सगळ्यांसमोर सोडली. आत चार दात होते. आंतोणीचे नव्हते, ते अजून गल्लीतच होते. हे दाजींचे स्वतःचे. महिनाभरात एकेक गळलेले, आम्हाला दिसू नयेत म्हणून लपवलेले. मला ते जेवताना कधी दिसले नाहीत याचं कारण, दोन महिने ते माझ्यासमोर जेवलेच नव्हते. आणि सोनं? सोनं जमिनीच्या फटींत होतं. थरथरत्या हातांतून पीठ चाळल्यासारखं सांडलेलं. आंतोणीच्या भावाने गुडघ्यांवर बसून ते सुईने टोकरून काढलं आणि त्याचा आवाज हळूहळू बसत गेला.

दाजींना गल्लीच्या टोकाच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव एलियाम्मा, साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि आजारी माणसावर मनापासून वैतागणाऱ्या. दाजींना पलंगाला बांधलेलं होतं. बाईंनी आधी बांधलेलं सोडायला लावलं. मग त्यांच्या हिरड्या पाहिल्या, हातात पेन्सिल देऊन कागदावर वर्तुळ काढायला सांगितलं. दाजींनी काढलेलं वर्तुळ उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं. बाईंनी तो कागद बराच वेळ धरला आणि मला इंग्रजीत विचारलं, धंदा कोणता.

मी सांगितलं. पारा म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तापवतो कोण?"

"तेच."

"आणि तू?"

"मला बाहेर काढतात."

"दर वेळी?"

"तीन वर्षं."

त्यांनी दोघांचीही लघवी तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं. तोवर मी तापाने फणफणलो होतो, खोकला, छातीत कळा, तोंडात पितळी पळी चाटल्याची चव. बाई माझ्या खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या अंगात पारा आहे, पण ताजा, त्या एका दिवसाचा, तू बरा होशील. त्याच्या अंगात कित्येक वर्षांचा आहे. तो डोक्यात गेला आहे. हा राग, हे लाजणं, हे संशय घेणं, हे त्याचं नाही, पाऱ्याचं आहे. मग जाता जाता थांबल्या. "एक कळत नाही. शेवटच्या दिवशी एवढा पारा एकदम आत कसा गेला? कोणी भट्टीत तोंड घातल्यासारखा."

मी म्हणालो, "पडले."

बाईंनी मान हलवली आणि गेल्या. खोटं बोलायला मला इंग्रजी पुरलं, याचं नवल वाटलं.

दाजींना इंजेक्शनं चालू होती, फार दुखणारी. पंधरा दिवसांनी त्यांचं डोकं जरा जागेवर आलं. मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो, गालावर पट्टी होती. मी विचारलं की तुम्हाला माहीत होतं का.

माहीत होतं. त्यांचे वस्ताद, ज्यांच्याकडे ते सोळाव्या वर्षी शिकले, ते असेच गेले होते, वेडे ठरून, झाडाला बांधलेले. त्यांनी मरायच्या आधी सांगितलं होतं, हे दिसत नाही तेच मारतं. दाजींनी हे सगळं असं सांगितलं जसं काही रेल्वे उशिरा आली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मी विचार केला. "म्हणालो असतो, एक बुधवार तुम्ही, एक बुधवार मी."

"मग." ते डोळे मिटून पडले. थोड्या वेळाने म्हणाले, "मेहुणा आहेस. अक्कल तेवढीच."

त्यांनी खिशातल्या पत्राबद्दल विचारलं. इस्पितळात माझा रक्ताळलेला सदरा काढताना ते कोणीतरी त्यांच्या उशाशी ठेवलं होतं, त्यांनी वाचलं होतं. ते म्हणाले, "फाड. दुसरं लिही. लिही, माणूस आजारी आहे, भट्टी विझली. यायचं असलं तर ये, नाही आलीस तरी राग नाही."

"आणि गालाचं?"

"पडलो."

"दाजी, मी..."

"पडलो म्हणून लिही," ते म्हणाले. "भाऊ आहेस तिचा."

मी लिहिलं. बाळंतीण होऊन दीड महिना झाला तरी अक्का आली नाही, उलट दाजीच गावी गेले, माझ्या खांद्यावर हात टाकून, गाडीतल्या प्रत्येक माणसाला 'चुकलं' म्हणत. मुलीला त्यांनी पाहिलं. धरायला मात्र अक्काने कधी दिली नाही, हात फार हलायचे. भाऊकी बसली नाही. चार वर्षं अक्काने त्यांना भरवलं, अंघोळ घातली. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते गेले.

ती मुलगी म्हणजे वैजयंती. आज अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, बंगळुरात एका संशोधन संस्थेत मेंदूच्या पेशी वाढवते, म्हणजे बशीत. गेल्या वर्षी अक्का गेली. मी तिच्या दिवसांना गेलो होतो, तेव्हा वैजूने मला बसवून घेतलं आणि विचारलं की मामा, बाबांचं नेमकं काय झालं, मला कामासाठीही हवंय.

मी सगळं सांगितलं, केळ्यापासून. फक्त पडले असं सांगितलं. सत्तेचाळीस वर्षं सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की तोंडातून आपोआप घसरलं.

मग तिने मला तिचं काम समजावलं. मेंदूत चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात. रक्त आणि विचार करणाऱ्या पेशी यांच्या मधोमध त्या बसलेल्या. पारा, शिसं, असलं काही आलं की त्या ते स्वतःच्या अंगात ओढून घेतात आणि बांधून ठेवतात, पुढे जाऊ देत नाहीत. आपण घेतो त्याच प्राणवायूने पेशींच्या आत ठिणग्या उडत असतात, त्या विझवायचं द्रव्यही याच पेशी बनवतात आणि शेजाऱ्यांना वाटतात. पारा नेमका त्या द्रव्यालाच चिकटतो. साठा संपत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, वर्षं न् वर्षं. आणि मग एक दिवस पेशीला झेपेनासं होतं, ती फुगते, शेजाऱ्यांचा जो केर ती रोज उचलत होती तो उचलणं बंद करते, आणि त्या केरानेच शेजारी मरतात. राखणदारच मारेकरी होतो, असं ती म्हणाली.

मी गहिवरलो. म्हटलं, "वैजू, हे तर हुबेहूब तुझे बाबा."

वैजूने माझ्याकडे तिच्या बशीतल्या एखाद्या बिघडलेल्या प्रयोगाकडे बघावं तसं बघितलं.

"मामा, पेशीला पर्याय नसतो. बाबांना होता. छपरातून चार फुटांचा एक पत्र्याचा पाइप बाहेर काढला असता, तर पारा वर गेला असता. बाबा जगले असते, वस्तादही. तुमच्या अकरा घरांत हे कोणालाच सुचलं नाही?"

सुचलं नव्हतं. शपथेवर सांगतो, त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. एवढ्या मोठ्या त्यागाची किंमत चार फूट पत्रा. मला हसू आलं, आणि का कोण जाणे, त्याच हसण्यामागून ती दुसरी गोष्ट बाहेर आली. मान. नखं. भट्टी. बाहेर जा, बाहेर जा. सगळं.

वैजू म्हणाली, "आईला माहीत होतं."

"दाजींनी सांगितलं?"

"बाबांनी शेवटपर्यंत पडलो म्हणूनच सांगितलं. पण आईने चार वर्षं त्यांना अंघोळ घातली, मामा. मानेवर मागून आठ वण होते, चार इकडे, चार तिकडे. भट्टीला नखं नसतात."

मी विचारलं की मग ती मला कधी बोलली कशी नाही. वैजू म्हणाली, आई म्हणायची, मामा येतो-जातो, तुझ्या शिक्षणाला उभा राहतो, राहू दे, हे घरात आणायचं नाही.

"म्हणजे तिने राग धरला नव्हता," मी म्हणालो.

"धरला होता." वैजू उठून भांडी आवरायला लागली. "भाऊबीजेला तुला ओवाळताना ती तुझ्या तोंडाकडे कधी बघायची नाही. इतक्या वर्षांत लक्षात नाही आलं तुझ्या?"

मी आठवून पाहिलं. सत्तेचाळीस भाऊबीजा, एकेक करून. अक्काचा हात दिसला, निरांजन दिसलं, ताट दिसलं. अक्का कुठे बघत होती ते मला सांगता येईना. मी प्रत्येक वेळी करंज्यांकडे बघत होतो.